पेट्रोलच्या झाकणावरचा ठिपका

माझ्या सासऱ्यांनी उभा जन्म कारखान्याच्या गेटवर कामगारांच्या झडत्या घेतल्या. पाळी सुटली की माणसं रांगेनं यायची, दोन्ही हात वर करायची. बाबा खिसे चाचपायचे, डबा उघडून बघायचे आणि म्हणायचे, "जा." ते ‘जा’ ऐकल्याशिवाय हात खाली घ्यायची कुणाची टाप नव्हती. तिथं त्यांना सगळे झडतीकाका म्हणत. निवृत्त झाले, गेट सुटलं, झडती मात्र आमच्या घरी राहायला आली. साखरेच्या डब्यात साखर सपाट करून वर बोटानं रेघ ओढलेली असते. दूधवाला, इस्त्रीवाला, मीटर बघायला येणारा, सगळे त्यांच्या लेखी चोर, फक्त अजून सापडायचे राहिलेले. ही हवा मलाही लागली होती. माझी नेलपेंटची नवी बाटली नाहीशी झाली, तेव्हा मी त्याच रंगाची दुसरी आणली आणि सरळ नणंदेशी बोलणं टाकलं.

अशा घरात नवी कोरी गाडी आली. आली ती माझ्यासाठी. मी इस्पितळात एक्स-रे काढते आणि पहाटे दोन बस बदलून कामावर पोचेपर्यंत माझाच एक्स-रे काढायची वेळ यायची. गाडी आली आणि मी माणसांत आले. आठवडाभरातच समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. मी पेट्रोल भरलं, दोन-तीन दिवसांनी तो आपोआप विझला. पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर.

"पाणी कुठंतरी मुरतंय," बाबा म्हणाले.

आधी संशय शोरूमवर, की वापरलेली गाडी धुऊनपुसून गळ्यात मारली. मग पंपावर, की पेट्रोलमध्ये भेसळ. मग तळमजल्यावरच्या शेजाऱ्यावर. त्या बिचाऱ्याचा गुन्हा एवढाच, की तो येताजाता गाडीकडे कौतुकानं बघायचा. शेवटी बाबांच्या लक्षात आलं, की रविवारी त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, गाडी फिरवून आणतो तेव्हा दिवा कधीच लागत नाही. मुलगा परत आला की ते स्वतः बादली-फडकं घेऊन गाडी धुतात, तेव्हाही ती ठणठणीत असते. सोमवारी मी बसले की दिवा लागलाच.

"म्हणजे दोष गाडीत नाही," असं म्हणून त्यांनी किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. "कारण कळेपर्यंत सूनबाईंनी बसनं जावं." माझा नवरा खाली मान घालून मोजे शोधत राहिला. मोजे त्याच्या पायातच होते.

चार दिवस बसचे धक्के खाऊन मी म्हटलं, निदान मेकॅनिकला तरी दाखवू. बाबा तयार झाले, पण शेजारी बसून येणार म्हणाले. दिवा लागलेलाच होता. मेकॅनिकनं मशीन जोडलं, स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि इंजिनकडे न जाता मागं जाऊन पेट्रोलचं झाकण बघायला लागला.

"ताई, झाकण सैल आहे. टकटक वाजेपर्यंत फिरवायचं असतं. नाहीतर वाफ निसटते नि दिवा लागतो." मग तो वाकला. "हे काय?"

झाकणावर एक गुलाबी ठिपका होता आणि त्याच्या बरोबर समोर टाकीच्या तोंडाच्या कडेला दुसरा. "कुणीतरी दर वेळी मोजून इथवरच आणून सोडतंय." त्यानं माझ्या नखांकडे पाहिलं. रंग तोच होता. मी बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीवरचं टायरचं कॅलेंडर वाचत होते.

मेकॅनिकनं झाकण घट्ट केलं आणि वडीलधारे म्हणून किल्ली बाबांच्या हातात दिली. ती सवयीनं खिशात गेली.

"बाबा, ही खूण कशाला?"

"गाडी धुतली की मी ठिपके जुळवून ठेवतो. कुणी पेट्रोल काढलं तर ते सरकतात. लगेच कळतं."

"कुणी म्हणजे कोण?"

ते पुन्हा कॅलेंडरकडे वळले. माझा राग डोक्यात गेला. कुंपणानंच शेत खाल्लं होतं आणि धक्के मी खात होते.

"एवढी वर्षं गेटवर झडत्या घेतल्यात. किती जणांकडे काही सापडलं?"

"एकाकडेही नाही." मग घाईघाईनं म्हणाले, "सापडलं नाही म्हणजे नव्हतं, असं थोडंच आहे?"

"किल्ली द्या," मी ओरडलेच.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूहळू दोन्ही हात वर केले, खांद्यांच्याही वर, रांगेतली माणसं करायची तसे. मी खिशात हात घातला. किल्ली होती आणि किल्लीबरोबर माझी नेलपेंटची बाटली. मला नणंदेचा चेहरा आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन्ही वस्तू काढून घेतल्या, तरी त्यांचे हात वरच. मेकॅनिक पाना हातात धरून बघत होता. माझा राग काही गेला नव्हता, पण त्यांना तसं बघवेना. ते कशाची वाट बघतायत, हे मला जरा उशिरानं कळलं.

"जा, बाबा," मी म्हणाले.