तेरड्याची पावलं

गणपतीच्या आधी मुंबईच्या जाऊबाईंचा फोन आला. "यंदा इको-फ्रेंडली डेकोरेशन करूया हं. प्लॅस्टिक अजिबात नको." मला हसू आवरेना. अहो बाई, आमच्या कापडे गावच्या घरात थर्माकोलचं पहिलं मखर आणलं कोणी? तुम्हीच! पण फोन स्पीकरवर होता आणि शेजारी बसलेल्या सासूबाईंचा चेहरा एकदम खुलला होता.

"मंग औंदा गौर तेरड्याची आणायची गो," त्या म्हणाल्या. "आपल्या बांधावरची."

आमच्याकडे पूर्वी तेरड्याचीच गौर यायची. तेरडा कापायचा नाही, मुळासकट उपटायचा, कारण त्याची लालसर मुळं म्हणजे गौरीची पावलं. आम्ही बायका ती वहाळावर धुऊन आणायचो. उंबऱ्याआत सासूबाई बसलेल्या असायच्या. त्या विचारायच्या, "गौर कशाच्या पावलांनी आली?" बाहेरून मी म्हणायचे, "सोन्याच्या पावलांनी आली." मग कुठे गौर घरात शिरायची.

पुढे मुखवटा आला, त्याला प्लॅस्टिकची वेल, प्लॅस्टिकची फुलं. विसर्जन झालं की पुसून माळ्यावर. सासूबाईंनी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. फक्त उंबऱ्याशी विचारणं सोडून दिलं. आता त्यांना डोळ्यांनी जेमतेम दिसतं, कंबरही धरते. यंदा त्यांच्या तोंडून तो प्रश्न पुन्हा ऐकायचाच, असं माझ्या मनाने घेतलं.

कामाला लागले. माझी जुनी हिरवी साडी मागे पडदा म्हणून लावली, बांबूच्या कामट्यांची चौकट बांधली, आंब्याचे टाळे आणि सुपारीचे घड लोंबकळवले. बांधावरचा तेरडा कळ्यांवर आलेला मी येता-जाता बघत होते. जीव सुपाएवढा झाला होता.

आणि एका सकाळी बघते तर सगळा तेरडा माना टाकून पडलेला. पानं करपलेली, कळ्या काळ्या.

नवऱ्याने गवताचं औषध मारलं होतं. रस्त्यापासून घरापर्यंत, बांधाच्या दोन्ही अंगांना.

"अहो, डोळे होते की कवड्या?" मी अंगणातच तोंड सोडलं.

"गवात किती माजलंय बघ ना," तो खाली मान घालून म्हणाला. "गणपती डोक्यावर घेऊन यायचं. पाय सरकला म्हंजे? कंपनीत डबल ड्युटी लागलीय, कापीत कवा बसू?"

गणपतीसाठीच तर केलं होतं बिचाऱ्याने. पण राग जाईना. खरं सांगते, अजून गेलेला नाही. गावात दुसरीकडे बघितलं, तर बहुतेकांनी वाटा अशाच साफ केलेल्या. वर आंबेनळी घाटात मिळाला असता, पण दरड आल्यामुळे तो रस्ता बंद होता.

गौरीच्या दिवशी नवरा कंपनीतली पाळी संपवून महाडच्या बाजारातून तेरडा घेऊन आला. गुलाबी फुलं, टवटवीत, भली मोठी जुडी. पिशवी प्लॅस्टिकची होती, ती त्याने मी बोलायच्या आधी स्वतःच काढून खिशात कोंबली. मुळं बघायला मी जुडी उलटी केली. सगळ्या काड्या विळ्याने सरळ कापलेल्या.

"नाय कळायचं आईला," तो हळूच म्हणाला. मलाही तसंच वाटलं. वाटून घेतलं म्हणा.

वहाळावर नेऊन जुडी धुतली. बायकांनी गाणी म्हटली, मुंबईहून आलेल्या जाऊबाईंनी फोटो काढले. कुंकवाची पावलं उमटवत आम्ही दारात आलो. सासूबाई उंबऱ्याआत पाटावर बसल्या होत्या. नवी साडी, केसात फूल. त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मी जुडी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी फुलं कुरवाळली, वास घेतला, हसल्या. मग हात काड्यांवरून हळूहळू खाली गेले आणि टोकाशी थांबले. एकेक टोक बोटांनी चाचपलं. मागे पावसाच्या भुरभुरीत जाऊबाईंची पोरं गलका करत होती. नवरा पडवीच्या खांबाला धरून उभा होता. मी उत्तर तोंडात घेऊन वाट बघत राहिले.

सासूबाईंनी जुडी मला परत दिली. पदराने हात पुसले.

"ये गो, आत ये," त्या म्हणाल्या. "भिजशील भायेर."