वाहून मेडल

"साहेब, एखाद्याचं मेडल कमी करता येतं का?"

माजी सैनिकांसाठी सुरतेत जे सरकारी ऑफिस होतं, तिथे मी क्लार्क होतो. लोक यायचे ते काही ना काही वाढवून मागायला. कमी करून मागणारा हा पहिलाच.

"कोणाचं? तुमचं?"

"माझं कशाला? मले तर चारच हायेत. धोंड्याले पाच हायेत. त्याचं एक कमी करा."

म्हटलं, बसा आधी. माणूस खुर्चीवर टेकला तेव्हा त्याने उजवा पाय हाताने उचलून पुढे ठेवला. नाव दगडू पाटील. मूळ गाव खानदेशात, राहायला सुरतेतच उधन्याला, नोकरी पांडेसऱ्यात कापड रंगवणाऱ्या एका डाइंग मिलच्या गेटवर. ज्याच्यावर तो जळत होता तो धोंडू पाटीलही त्याच गावचा, त्याच चाळीतला, त्याच मिलच्या गेटवरचा. एकाची दिवसपाळी तर दुसऱ्याची रात्रपाळी, आणि दोघांत बोलणं कित्येक वर्षं बंद. दोघांच्या आयांची आधीची पोरं जगली नव्हती, म्हणून एकीने दगड नाव ठेवलं आणि दुसरीने धोंडा. नजर लागू नये म्हणून. पोरं दगडासारखीच निघाली, एकाच दिवशी फौजेत भरती झाली.

"भांडण काय आहे?" मी विचारलं.

"पंधरा ऑगस्टला नि सव्वीस जानेवारीला मिलमध्ये झेंडा चढवतात. सेठ म्हणतो, ज्याची मेडलं जास्त, त्याने दोरी ओढायची. दरवर्षी तोच ओढतो. मी खाली उभा राहून सलाम करतो. कोणाले? त्याले!"

"मग त्याने पाच कमावली असतील."

दगडू एकदम उसळला. "कसली कमावली? चार तर आमची सारखीच. पाचवं कशाचं, माहीत हाय का? एकाहत्तरच्या लढाईत मना पायमां गोळी लागनी. त्याने मले पाठीवर टाकून मागे आणलं. त्याचं मेडल! गोळी खाणाऱ्याले काही नाही आणि हमाली करणाऱ्याले मेडल! हा काय न्याय झाला?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "मी जळतो साहेब. खोटं कशाला बोलू? जळतोच."

मला हसू आलं नाही. जळण्यातलं मला कळतं. लढाई चालू होती तेव्हा मीही वर्दीतच होतो. पण सीमेपासून लांब, एका ऑफिसात टाइपरायटर बडवत. माझीही मेडलं आहेत. एक, त्या वर्षी फौजेत होतो म्हणून. एक, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा फौजेत होतो म्हणून. एक, बरीच वर्षं फौजेत होतो म्हणून. सगळी हजेरीची. आमच्या मेसच्या आचाऱ्यालाही तीच मिळाली, आणि तो निदान स्वयंपाक चांगला करायचा. जन्मभर मी दुसऱ्यांची बहादुरी टाइप केली. त्यामुळे पायात खरी गोळी खाल्लेला माणूस समोर बसून 'मला कमी मिळालं' म्हणतो, तेव्हा त्याला हलवून सांगावंसं वाटतं. अरे बाबा, तुला सांगायला काहीतरी आहे!

पण काम ते काम. मी विचारलं, "त्याच्या पाचव्या मेडलची फीत कशी आहे?"

"पांढरी. मधी लाल पट्टा."

मी पेन खाली ठेवलं. ती फीत मी झोपेतही ओळखली असती. ते वाउंड मेडल. वाउंड म्हणजे जखम. शत्रूच्या हातून जखमी झालेल्यालाच ते मिळतं. उचलून आणणाऱ्याला नाही.

"धोंडूला कधी गोळी लागली होती?"

"त्याले? त्याले साधा काटा लागला नाही कधी."

दगडूचं डिस्चार्ज बुक पाहिलं. फौजेतून सुटताना प्रत्येकाला हे पुस्तक मिळतं. नोकरी, बढती, मेडलं, तब्येत, सगळं त्यात असतं. तब्येतीच्या पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं, उजव्या मांडीत गोळीची जखम. मेडलच्या पानावर जखमेचं नाव नाही. गोळी एकाच्या पुस्तकात, मेडल दुसऱ्याच्या.

हे कसं होतं ते सांगतो. फौजेत तुमच्या बाबतीत काहीही झालं, लग्न, पोर, रजा, जखम, की पलटण एक ऑर्डर काढते. तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ती रेकॉर्ड ऑफिसात जाते आणि तिथला क्लार्क ती तुमच्या पानावर चढवतो. ऑर्डरमध्ये नाही, म्हणजे ते झालंच नाही. आता दगडू आणि धोंडू एकाच दिवशी भरती झाले, लागोपाठ उभे राहिले, म्हणून नंबर लागोपाठचे. फरक शेवटच्या आकड्याचा. इंग्रजीत नाव लिहिलं की दोघेही डी. पाटील. कोण्या क्लार्कचा एक आकडा घसरला आणि दगडूची गोळी धोंडूच्या पानावर जाऊन लागली.

मी दगडूला समजावून सांगितलं. सांगायला नको होतं.

"म्हणजे माझंच मेडल छातीवर लावून फिरतोय तो? इतकी वर्षं? माझ्या नाकासमोर?" तो उठला, पाय विसरला, टेबलाला धडकला. "आता बघतोच त्याले!"

"दगडूभाऊ, तुम्ही तिकडे शब्द काढलात तर मी फाइल बंद करीन," असा दम दिला तेव्हा कुठे तो बसला.

आमचे ऑफिसर निवृत्त मेजर होते. त्यांनी अर्ज वाचला. "क्लार्कबाबू, ये रेकॉर्ड का मामला है या पड़ोसियों का?"

"दोन्ही, सर."

"पहले रेकॉर्ड ठीक करो. पड़ोसी अपने आप और बिगड़ जाएँगे."

पत्र पाठवलं. उत्तर आलं, रेकॉर्डप्रमाणे अर्जदार पात्र नाही. ह्या उत्तराची मला खात्रीच होती. मी स्वतः असली उत्तरं ढिगाने टाइप केली आहेत. मग दगडूची डॉक्टरी तपासणी करून मांडीतल्या खुणेचा दाखला जोडला आणि नंबरांची गफलत उलगडून लिहिली. ह्यावेळी उत्तर सरळ आलं. धोंडू पाटील ह्यांना जखम झाली नव्हती, असं त्यांचं लेखी स्टेटमेंट पाठवा, मेडल जमा करा, मग विचार करू.

म्हणजे गाडं धोंडूवर येऊन अडलं. त्याने 'नाही देत' म्हटलं असतं तर आम्ही काहीही करू शकलो नसतो.

पांडेसऱ्याला गेलो. मिलमागच्या खाडीचं पाणी त्या दिवशी हिरवं होतं. धोंडू उंच, रुंद, खाकी कपड्यांना कडक इस्त्री. त्याने टपरीवरून दोन अडधी मागवल्या. अर्धा कप चहाला सुरतेत अडधी म्हणतात.

मी आडवळणाने सुरू केलं. "धोंडूभाऊ, तुमचं ते पाचवं मेडल कशाचं हो?"

"ते? वाहून मेडल."

"काय?"

"वाहून मेडल. दगड्याले वाहून आणलं ना मी, त्याचं."

"कोणी सांगितलं हे तुम्हाला?"

"लढाईनंतर लई दिवसांनी आलं. दगड्या तेव्हा पलटणीत नव्हता, पायामुळे त्याले डेपोत टाकलं होतं. आमचा हवालदार साताऱ्याकडचा. आम्ही घरी अहिराणी बोलणारे, त्याची बोली आम्हाले निम्मी कळायची नाही. तो म्हणाला, 'धोंडू, तुझं वाऊन मेडल आलंय रे!' मी म्हटलं, ह्यांच्याकडे वाहूनले वाऊन म्हणत असतील. बरोबरच वाटलं. वाहून तर आणलंच होतं."

हवालदार 'वाउंड' म्हणाला होता. आणि ह्या माणसाने आपण केलेलं एकमेव मोठं काम त्या शब्दात ऐकलं होतं. त्याने चोरी केली नव्हती. त्याला वाटलं, सरकारने पाहिलं.

सांगावं तर लागणारच होतं. सांगितलं.

धोंडूने बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "मग वाहून आणल्याचं कोणतं असतं?"

"त्याचं वेगळं नसतं."

"असं कसं, साहेब? जखमी तिथंच पडून राहिला, तर त्याले मेडल देणार कुठं?"

मी नियमच सांगितला. "तुमच्या ऑफिसरने तेव्हाच्या तेव्हा लिहून वर पाठवलं असतं तर बहादुरीचं काहीतरी..."

"साहेब तर आमच्या आधीच पडले होते तिथं," धोंडू म्हणाला. "लिहा तुम्ही. धोंडू पाटीलले गोळी लागली नाही. कुठं सही करू?"

सही केली. टपरीच्या पोराला सायकलवर घरी पाठवून मेडलांची पट्टी मागवली आणि ब्लेडने पाचव्या मेडलची शिवण उसवली. मेडलच्या कडेवर नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. त्यावर त्याचंच नाव होतं. रुमालात गुंडाळून त्याने ते माझ्या हातात दिलं, वर टपरीवाल्याला माझ्या चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत. परत येताना रिक्षात मी त्याच्यावर इतका जळलो की सांगता सोय नाही. गोळी खाणं एकवेळ नशिबाचं. हे असं सोडून देणं मला सात जन्मांत जमलं नसतं. माझ्याकडे चुकून एखादं खरं मेडल आलं असतं ना, तर मी ते घेऊन चितेवर चढलो असतो.

दगडू ऑफिसात वाटच पाहत होता. "काय म्हणाला? रडला?"

"नाही."

"शिव्या दिल्या असतील."

"नाही हो. म्हणाला, लिहा. आणि काढून दिलं."

दगडूचा चेहरा पडला. "असाच आहे तो," तक्रार केल्यासारखं म्हणाला. "पहिल्यापासून असाच."

रेकॉर्ड दुरुस्त झालं. दगडूच्या नावाचं नवंकोरं मेडल आलं. मेजरसाहेब म्हणाले, पंधरा ऑगस्टला मिलमध्येच देऊ, सगळ्यांसमोर. मीही गेलो. दगडू न्हाव्याकडे जाऊन आला होता. मेजरसाहेबांनी मेडल लावलं, टाळ्या झाल्या, दगडू झेंड्याच्या दोरीकडे निघाला. तेवढ्यात सेठचं लक्ष धोंडूकडे गेलं. त्याने पट्टी पुन्हा शिवून घेतली नव्हती. चार मेडलं आणि शेवटी एक मोकळी जागा.

"अरे धोंडुभाई, पांचमुं क्यां गयुं?"

"वो मेरा नहीं था, सेठ. इसका था. गोली इसको लगी थी."

"तो तुम क्या कर रहे थे?"

"मैं इसको उठाके ला रहा था."

"चालू गोळीबारमां?"

"हाँ. बंद होने तक रुकते तो ये मर जाता."

झालं! मिलमधल्या कोणालाच हे माहीत नव्हतं. धोंडूला वाटायचं, मेडल सांगतंय, आपण कशाला सांगा? आणि दगडूने ते कोणाला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. सेठ उठला, दोरी स्वतःच्या हाताने सोडवली आणि धोंडूच्या हातात दिली. कामगारांनी अशा टाळ्या वाजवल्या की मघाच्या टाळ्या कोणाच्या लक्षातही राहिल्या नाहीत. दगडू पाच मेडलं लावून खाली उभा. वर बघून सलाम ठोकत होता. कोणाला, ते मी सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी स्वारी ऑफिसात हजर.

"साहेब, होतं तसं करून द्या."

"डोकं फिरलंय का तुमचं?"

"मग काय करू? मी मेडल दाखवलं की लोक विचारतात, 'तुम्हाला वाहून आणलं ते धोंडुभाई का?' मेडल माझं आणि गोष्ट त्याची! बायकोसुद्धा म्हणते, त्यांना जेवायला बोलवा." मग टेबलावर हात आपटून म्हणाला, "माझं तरी काढा, नाहीतर त्याले एक मिळवून द्या. आम्हाले बरोबरीत आणा!"

मी म्हटलं, "त्याला मिळवायचं तर साक्षीदार लागेल. त्याने तुम्हाला वाहून आणलं, असं तुम्हाला लिहून द्यावं लागेल. जमेल?"

दगडू खुर्चीवर टेकला. मग म्हणाला, "लिहा. मी मरत होतो. मी त्याले म्हटलं, मले टाक नि पळ. त्याने टाकलं नाही." नाक पुसलं आणि सही केली.

मेजरसाहेब म्हणाले, "क्लार्कबाबू, मुद्दत निकल चुकी है. कोई फ़ायदा नहीं."

"माहीत आहे, सर."

"फिर भी भेजो."

पाठवलं. मुदत टळल्यामुळे विचार करता येत नाही, असं उत्तर आलं. मी ते दगडूला वाचून दाखवलं. त्याने सरकारला अहिराणीत एक शिवी हासडली आणि गेला.

सव्वीस जानेवारीला मी पुन्हा मिलमध्ये गेलो. दगडूच्या छातीवर चारच मेडलं होती. विचारलं तर म्हणाला, "डब्यात ठेवलंय. त्याच्याहून जास्त लावलं की लोक त्याचीच गोष्ट काढतात." सेठने दोघांना मिळून दोरी ओढायला सांगितली. उजव्या बाजूला कोणी उभं राहायचं, ह्यावरून दोघे झेंड्याखालीच भांडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी बोलले ते असे.

ह्यातून मी एवढंच शिकलो की रेकॉर्ड दुरुस्त करता येतं, पण ते ज्यांचं असतं त्यांना नाही. बाकी मी खूप वर्षं नोकरी केली, अनेकांची मेडलं मिळवून दिली, आणि त्या दोघांवर तर अजून जळतो. माझ्यावर मात्र कधी कोणी जळलं नाही. त्याचं वाईट वाटतं म्हणायला लाज वाटते, पण वाटतं.