मालूआक्कांचा मूठभर पाला

मालूआक्का सकाळी उठल्या की आधी परसातल्या केळीच्या पानावरून बोट फिरवायच्या आणि बोटाला लागलेली धूळ उजेडात धरून बघायच्या. मग ओसरीवर लॅपटॉप उघडायचा. जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगच्या शाळेवर माझी बदली झाली तेव्हा त्यांच्या शेजारीच मला खोली मिळाली. हा काय प्रकार, असं न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "गुरुजी, पडद्यावर जग दिसतंय, पानावर गाव दिसतंय. दोन्ही बघाय लागतंय."

जगभरच्या वाऱ्यांचं गणित मांडून उद्याची धूळ आणि धूर कुठे पोचेल हे आधी सांगायचं, यात त्यांची पुण्यातल्या नोकरीची सगळी वर्षं गेली. अरबस्तानात उठलेली धूळ समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्याला कधी लागणार, हे त्या सांगत आणि बहुतेक वेळा ते खरं ठरे. लग्न केलं नाही. निवृत्त होऊन गावी आल्या त्या आईच्या दम्यासाठी. धुळीचा दिवस असला की आई घरात, हवा चांगली असली की खाट अंगणात, असा त्यांचा नेम. "आक्का आभाळाची कुंडली मांडत्यात," असं त्यांचा धाकटा भाऊ नारायणच चारचौघांत म्हणायचा. त्याही हसायच्या.

इथे उन्हाळ्यात भाजावळ असते. भाताच्या रोपांचा तरवा टाकायच्या जागेवर फांद्या आणि पाला पसरून जाळायचा, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. एका सकाळी लॅपटॉपवरच्या नकाशात आमच्या भागाची हवा स्वच्छ दिसत होती. आक्कांनी आईची खाट अंगणात आणली. नेमकी त्याच सकाळी साऱ्या गावाने भाजावळ पेटवली, नारायणनेसुद्धा. गार हवा जागची हलत नव्हती. धूर वर जाईना, तो खोऱ्यातच साचला. म्हातारीला धाप लागली. दवाखान्यात न्यायला जीप काढली खरी, पण सुप्याच्या धरणाच्या अलीकडेच तिचा श्वास थांबला.

बाराव्याला नारायण आक्कांपुढे मान खाली घालून बसला. "आक्का, काडी मीच वडली न्हवं," म्हणाला.

"तू रीतच पाळलीस. चुकलं माझं," आक्का म्हणाल्या. "त्या नकाशात जोयडा, सुपा, दिग्गीचं डोंगर, समदं मिळून एकच चौकोन हाय. त्यात आपलं खोरं येगळं दिसत न्हाई. मला ठावं होतं. तरी आयची खाट मी त्याच्या भरवशावर भाईर टाकली."

त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. मला तिथे बसवेना, मी उठून परसात गेलो.

पुढे त्या घरोघर हिंडल्या. भाजावळ बंद करा, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. "आधी मूठभर पाला पेटवा. धूर उभा ऱ्हायला तर भाजा. आडवा झाला तर थांबा, उन्हं चढू द्या." आता लोक काय लगेच ऐकतात? "धुराला इचारून शेती करायची व्हय?" असं तोंडावर म्हणणारे निघालेच. आक्का पेटवायच्या वेळी त्यांच्या बांधावर जाऊन उभ्या राहायच्या. हळूहळू माणसं आदल्या दिवशी ओसरीवर येऊ लागली. "आक्का, उद्या पेटवू काय?" त्या पडदा बघायच्या आणि म्हणायच्या, "वारा हाय म्हणतोय. तरी मूठभर पेटवूनच."

गेल्या उन्हाळ्यात आक्का झोपेतच गेल्या. सकाळी सकाळी आम्ही त्यांना मसणात नेलं. सरण रचून झालं. नारायण विस्तव घेऊन पुढे झाला आणि थबकला. खाली वाकून त्याने मूठभर सुका पाला गोळा केला, पेटवला. धूर आडवा होऊन खालच्या वस्तीकडे सरकला.

बेळगावहून आलेले एक पाहुणे कुरकुरले, "आता कशासाठी खोळंबा?" सगळं गाव झाडांच्या सावलीला बसून राहिलं. ज्यांनी आक्कांना तोंडावर टोकलं होतं, तेही बसले.

उन्हं चढली. पानं हलू लागली. नारायणने पुन्हा मूठभर पाला पेटवला. या खेपेला धूर सरळ वर गेला. त्याने विस्तव उचलला आणि सरणाकडे बघत विचारलं,

"आक्का, पेटवू काय?"