घोषणा : बेस नाही!

अन्याय झाला तो माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीवर, वैशालीताईवर. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, केशोरीच्या अलीकडच्या एका गावात, भर मंडईत. (आमच्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की गावोगाव जत्रा भरते, पाहुणे येतात, नाचगाणी होतात, त्याला आम्ही मंडई म्हणतो.) अन्याय करणारा कोण, तेही सांगणार आहे. पण जरा थांबा. आरोपीचं नाव पहिल्याच परिच्छेदात दिलं तर लोक पत्रकात भजी गुंडाळतात, असा माझा अनुभव आहे.

ताई बेस गिटार वाजवते. आमच्या फुलचुरात बेस गिटार वाजवणाऱ्या बाया किती, हे मी स्वतः मोजलंय. एक! आणि तिला लग्नाच्या स्टेजवर लोक काय विचारतात? "ताई, तुमच्या गिटारीच्या दोन तारा तुटल्या का?" तुटल्या नाहीत हो! बेसला चारच असतात! गायकाला हार, ढोलकवाल्याला शिट्ट्या, कीबोर्डवाल्याला दोनदा चहा. आणि जिच्या बोटांमुळे तुमचे पाय हलतात, तिला काय? "बाई, जरा सरका, मागं केक ठेवायचाय." साऊंडवाल्यांचं तर विचारूच नका. गाणं जरा घुमलं की त्यांचा पहिला हात बेसच्या बटणावर. खाली!

पण त्या दिवशी प्रश्न एका मंडईचा नव्हता. पटले काका ऐकायला येणार होते. काकांचा ऑर्केस्ट्रा म्हणजे वर्षभराचं काम, आणि त्यांचा बेसवाला नोकरी लागून रायपूरला चालला होता. काकांचा निरोप स्पष्ट होता : "मंडईत ऐकून घेतो. पसंत पडलं तर पोरगी पक्की. दुपारच्या आत मले गोरेगावले निघाचं आहे." ताई सहा वर्षं या पार्टीत, त्या पार्टीत बदली म्हणून वाजवत होती. तिची कायमची जागा त्या सकाळी ठरणार होती.

मी ठरवलं, या खेपेस बेस दाबू द्यायचा नाही. तसूभरही नाही!

मी पत्रक काढलं. मथळा जाड अक्षरांत : "बेसवर अन्याय का?" छापणाऱ्याने त्यात एक जागा सोडली आणि ते "बेस वर अन्याय का?" असं झालं. एवढ्याशा जागेनं काय होतं, असं मी म्हणालो. काय होतं ते पुढे येईल.

त्या दिवशी ताई ज्या पार्टीत बदली होती तिच्या पिकअपमध्ये जागा नव्हती, म्हणून ताईचा अँप, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारा खोका, आम्ही एसटीने नेला. आमच्या घरात त्याला 'डबा' म्हणतात. वजनाला तो भरल्या सिलिंडरएवढा आणि स्वभावाने जावयासारखा, त्याला धक्का चालत नाही. मी त्याला खिडकीजवळच्या सीटवर बसवलं.

"हे काय होय गा?" कंडक्टरने विचारलं.

"अँप."

"माणूस होय का?"

"नाही."

"मंग सीटवर काऊन बसवलं?"

"खाली हादरे बसतात त्याला."

"अन् तू?"

"मी उभा राहतो की."

कंडक्टरने ताईकडे पाहिलं. "बाई, हा तुमचा कोन?"

"भाऊ आहे," ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली. कंडक्टरने हळहळत मान हलवली आणि पुढं गेला.

उतरलो ते थेट मावशीच्या घरी. मावशीचं घर म्हणजे सभासदसंख्येच्या दृष्टीने तयार संघटनाच. सणाचे पाहुणे धरून बावीस जण. मी सगळ्यांना ओसरीत बसवलं, पत्रकं वाटली आणि घोषणा शिकवायला घेतली.

इथं पुण्याकडच्या वाचकांसाठी एक खुलासा. आमच्याकडे 'बेस' म्हणजे चांगलं, झकास. भाजी बेस, पाऊस बेस, जावई बेस. हे मला पाळण्यापासून माहीत आहे. पण त्या सकाळी डोक्यात आंदोलन होतं, आणि आंदोलन असलं की डोक्यात दुसरं काही मावत नाही.

"मावशी, साऊंडवाल्याने बेस दाबला की मी हात वर करीन. हात वर झाला की सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं : बेस नाही!"

"काऊन? वैशाली बेस नाई वाजवत का?"

"बेसच वाजवते मावशी."

"मंग बेस नाई काऊन म्हनाचं?"

"कारण बेस ऐकू येणार नाही!"

"बेस वाजवते, अन् बेस आयकू येत नाई?"

"मावशी, बेस म्हणजे तो बेस नाही गं, बेस!"

मावशीने ताईकडे वळून पाहिलं. "याले पयले जेवाले वाढ वो. उपाशी दिसते."

तेवढ्यात पत्रक हातात धरून शेजारचे आजोबा आले. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "बेस वर हाये म्हनते. कोनाच्या घरचा होय? वावर किती?" त्यांच्या नातीचं जमवायचं होतं. मी त्यांना सांगितलं की वर नाही, बेस आहे. ते म्हणाले, "बेस हाये ते तं लिवलंच हाये. वर दाखवा." शेवटी मावशीने त्यांना माझ्याकडे बोट करून दाखवलं. आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पत्रक परत केलं.

निघताना ताईने विचारलं, "गिटारीचा सेल बदललास ना?" (तिच्या गिटारीत मागच्या बाजूला छोटा चौकोनी सेल असतो. तो मेला की गिटार मुकी.)

"दसऱ्यालाच! पूजेला ठेवण्याआधी कोरा करकरीत टाकला!"

मी खोटं बोललो नव्हतो. हे नोंदवून घ्या.

कार्यक्रम सुरू झाला. पहिलं गाणं असं वाजलं की आलुबोंड्याच्या दुकानावरचा पत्रा थरथरायला लागला. पुढच्या रांगेत पटले काका डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा हलत होता. मी अंगठ्यावरच नजर ठेवून होतो. दुसऱ्या गाण्यात डब्यातून फर्रर्र असा आवाज आला, म्हातारी म्हैस शिंकल्यासारखा. तिसऱ्या गाण्यात तेही नाही. ताईची बोटं चालताहेत, आवाज शून्य. अंगठा थांबला!

मी साऊंडवाल्या गुड्डूभाईंकडे पाहिलं. त्यांचा हात बरोबर बेसच्या बटणावर.

सापडला!

मी हात वर केला. बावीस गळ्यांमधून एकदम उठलं : "बेस नाई! बेस नाई!"

आता विचार करा. मंडईत पाचपन्नास गावचे लोक. त्यातल्या कोणाला माहीत आहे की ही गिटारीबद्दलची तांत्रिक तक्रार आहे? त्यांना ऐकू आलं ते हेच की कार्यक्रम चांगला नाही. आणि उन्हात बसून कंटाळलेल्या लोकांना असं मत आयतं मिळालं तर ते सोडतात का? मिनिटभरात सगळं मैदान ओरडून राहिलं होतं. "बेस नाई! बेस नाई!" फुगेवालासुद्धा! गायक वरच्या सुरात चढला होता, तो तिथंच अडकला. "दोन दिवसांपासून घसा बसलाय हो," तो रडवेला होऊन माइकवर म्हणाला. ढोलकवाल्याने ढोलक पालथी घातली.

मंडई समितीचे अध्यक्ष धावत स्टेजवर चढले आणि त्यांनी आपला बिनवायरचा माइक सुरू केला. "गावकऱ्यांनो, पाहुने कलाकार लांबून आले आहेत. बेस नसन, तरी आयकून घ्या!"

"बेस नसेल तर ऐकायचं काय?" मी खालून गरजलो. टाळ्या पडल्या! माझ्या आयुष्यातल्या सर्वात मोठ्या टाळ्या, आणि त्या माझ्या सख्ख्या बहिणीविरुद्ध.

मी गुड्डूभाईंच्या टेबलावर मूठ आपटली. "बेस सोडा!"

"अरे भैया, मैं तो कबसे बढ़ा रहा हूँ! ये देखो, पूरा खुला है! आगे से कुछ आयेगा तब ना!"

मी बटण पाहिलं. खरंच पूर्ण उघडं होतं.

तिकडे पटले काका खुर्चीतून उठले होते. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं. बाजूच्या माणसाला ते म्हणाले, "पोरगीच्या मावशीच्या गावातच लोक तिले बेस नाई म्हनून राहिले. आपन काय आयकाचं?" आणि चपला घालून मोटारसायकलकडे चालू लागले.

ताई गिटार गळ्यात घेऊन स्टेजवरून उतरली आणि थेट माझ्यासमोर आली.

"सेल."

"नवाच आहे म्हटलं ना!"

"दसऱ्यापासून गिटारीची वायर कोणी लावून ठेवली होती?"

"मी. काढून कसं चालेल? भोकात मुंग्या जातात!"

"मी रोज काढून ठेवत होती."

"तेच म्हणतो मी! रोज कोणीतरी काढून ठेवायचं, आणि मला रोज परत लावावी लागायची!"

ताईने डोळे मिटले. "बाप्पा! वायर लावली की गिटार चालू होते रे. वाजवा नाहीतर नका वाजवू, सेल खर्च होत राहते."

म्हणजे दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत, रात्रंदिवस, मी त्या सेलचं रक्त शोषत होतो. मुंग्यांपासून वाचवण्यासाठी! कटात साऊंडवाला नव्हता, यंत्रणा नव्हती. संपूर्ण कट मी एकट्याने आणि मोठ्या निष्ठेने पार पाडला होता.

दुकानांत सेल होते, पण गोल. चौकोनी सेल अख्ख्या मंडईत एकाच ठिकाणी होता : अध्यक्षांच्या माइकच्या पोटात. आणि अध्यक्ष आता गावाच्या परंपरेवर आले होते.

ताई स्टेजवर चढली. "काका, सेल द्या."

"कायचा सेल?"

"तुमच्या माइकचा."

"मंग मी बोलू कायनं?"

"नोका बोलू!" मावशी खालून ओरडली. सगळं मैदान तिच्यामागे : "नोका बोलू! नोका बोलू!" ही घोषणा मी शिकवलेली नव्हती, आणि त्या दिवशीची ती एकमेव यशस्वी घोषणा होती.

अध्यक्ष सेल काढत होते तोवर मी धावलो. पटले काकांनी मोटारसायकल सुरू केली होती. मी उडी मारून मागं बसलो.

"उतर."

"नाही उतरणार काका. हे धरणं आहे."

"कोनाच्या विरोधात?"

"माझ्याच! चूक माझी आहे. लोक ताईला नाही बोलले. सेल मी मारला. तिचं एक गाणं ऐका, मग मला गोरेगावला न्या, नाहीतर नाल्यात फेका."

"सेल मारला म्हंजे?"

"मुंग्यांसाठी."

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कंडक्टरने पाहिलं होतं तसंच. आणि तेव्हाच तो आवाज आला. एकच सूर, जाड, गोल, जमिनीतून आलेला. मोटारसायकलचा आरसा थरथरला. दुसरा सूर. तिसरा. ढोलक कधी मिसळली, गायकाचा बसलेला घसा कधी सुटला, कळलं नाही. काकांनी गाडी बंद केली. ते तिथंच बसून राहिले. मीही मागं बसून होतो, धरणं मागं घ्यायचं विसरून. गाणं संपलं तेव्हा काकांचा उजवा पाय ब्रेकवर ताल देत होता, आणि मावशीची संघटना कोणीही हात वर न करता ओरडत होती : "बेस हाये! बेस हाये!"

दोन्ही अर्थांनी.

काका परत खुर्चीत जाऊन बसले आणि दुपार टळेपर्यंत उठले नाहीत. जाताना त्यांनी ताईला एवढंच विचारलं, "सामानाले हात कोन लावते?"

"मी!" मी छाती काढून म्हणालो. "सगळी तयारी माझ्याकडे असते!"

"पोरी, तू पक्की," काका ताईला म्हणाले. "पन हा घरी."

ताई आता काकांच्या ऑर्केस्ट्रात कायम आहे, आणि तिचं सामान ती स्वतः लावते. म्हणून वाचकहो, माझी तुमच्याकडे मागणी आहे. विनंती नाही, मागणी! तुमच्या गावच्या मंडईत चार तारांची गिटार घेतलेली बाई दिसली तर तिच्या बोटांकडे बघा, टाळ्या तिच्यासाठी वाजवा. पण त्याआधी स्टेजमागे एक चक्कर मारा. तिथं एखादा तरुण मोठ्या प्रेमाने गिटारीत वायर खुपसताना सापडला, तर त्याचं म्हणणं ऐकून घेऊ नका, त्याचं पत्रक वाचू नका. मला बखोटीला धरा, आकाशपाळण्यात बसवा, आणि ताईचं शेवटचं गाणं संपेपर्यंत खाली उतरवू नका!