गाडी घेतली, एवढंच म्हणालो

मराठीत गाडी हा शब्द फार सोयीचा आहे. दुचाकीही गाडी आणि चारचाकीही गाडीच. फ्रीमाँटहून फोनवर मी आईला "गाडी घेतली" असं सांगितलं, तेव्हा ही सोय मला पुरेपूर ठाऊक होती. तिनं संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. मुलानं अमेरिकेत गाडी घेतली म्हणजे कारच, यात तिला शंका कसली येणार?

कॉलेजात असताना मी मोटरसायकलवरून पडून पाय मोडून घेतला होता. चार महिने आईनं माझं सगळं केलं. व्हिसा आला तेव्हा देवासमोर उभं करून तिनं माझ्याकडून वदवून घेतलं, की तिकडे दुचाकीला हात लावणार नाही. मी हो म्हणालो, आणि दोन वर्षांत एक जुनी क्रूझर मोटरसायकल दारात आणून उभी केली. ऑफिसला रूममेटच्या कारनं जायचो, तेव्हा गरजेचं कारणही देता येत नाही. नुसती हौस.

त्या इंजिनाला दोन सिलिंडर, इंग्रजी व्हीसारखे तिरके, आणि दोघांचे कनेक्टिंग रॉड क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, एकाच पिनवर. म्हणून ठोके सारख्या अंतरानं पडत नाहीत. एक पडतो, पाठोपाठ दुसरा, मग जरा उसंत. सिग्नलला उभं राहिलं की हँडलच्या थरथरीनं मनगटं बधिर व्हायची. पण थ्रॉटल जरासा पिळला, की मागून कुणी ढकलल्यासारखी गाडी निघायची. चार सिलिंडरच्या गाड्या शिवणयंत्रासारख्या सरसर पळतात, त्यांना मी नाकं मुरडायचो.

आई म्हणाली, आवाज तरी ऐकव. तेव्हाच विषय बदलायला हवा होता. पण मोह आवरला नाही. कॉर्डलेस फोन घेऊन गॅरेजमध्ये गेलो आणि स्टार्टर दाबला. केवढा दमदार आवाज, म्हणत आईनं कौतुकानं फोन बाबांकडे दिला. बाबांनी तीस वर्षं एका सिलिंडरची मोटरसायकल चालवली होती. तिचे एकसारखे ठोके त्यांच्या कानांत मुरले होते. ते बराच वेळ ऐकत राहिले. इंजिन चांगलं आहे, जपून चालव, एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं येणार म्हटल्यावर मी घाईघाईनं एक सेकंडहँड कार घेतली आणि मोटरसायकल दोन गल्ल्या पलीकडे मित्राच्या गॅरेजमध्ये लपवली. आईनं कारवर कुंकवानं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मग शेजारच्या सीटवर बसली. मी कार सुरू केली.

"फोनवर केवढा आवाज होता रे. आता असा मऊ कसा?"

मी तोंड उघडायच्या आत मागच्या सीटवरून बाबा म्हणाले, "फोनमध्ये तसंच ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला निघाल्यावर ते म्हणाले, आता ती दाखव. मित्राच्या गॅरेजमध्ये मी कव्हर काढलं, इंजिन सुरू केलं आणि एका पिनवरच्या दोन रॉडचं गणित मूर्खासारखं त्यांना समजावत बसलो. त्यांनी टाकीवर तळवा ठेवला. थोड्या वेळानं बंद कर म्हणाले.

"तुझ्या आईशी मी कधी खोटं बोललो नव्हतो. काल सहज जमलं. त्याचीच लाज वाटते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज माझी, आणि ती वाटून घ्यायची पाळी त्यांच्यावर आली होती.

ते दोघं परत गेल्यावर महिन्याभरात मी मोटरसायकल विकली. बाबांना तेवढं कळवावं म्हणून फोन केला आणि त्यांचा आवाज ऐकताच सांगून टाकलं, "बाबा, गाडी विकली."

तिकडचा फोन स्पीकरवर होता.

"मी पूजा केलेली गाडी?" आई म्हणाली. "अरे, का?"

सगळं कबूल करायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात बाबाच बोलले, "जुनी झाली होती ती. हो ना रे?"

मी हो म्हणालो.