न्हाणीमागचा वाफा

आमच्या न्हाणीमागचा भाजीचा वाफा मी जाळला, वहिनीनं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. आमचं घर इंझोरीचं, शेती कोरडवाहू. थंडीत ताटात हिरवं दिसायचं ते तिच्यामुळं. न्हाणीचं पाणी मागं नुसता चिखल करून राहायचं, तिथं तिनं खाटेएवढा वाफा केला. दसरा झाला की मेथी, मोहरी, करडई, आंबट चुका आणि रगडून फोडलेले धने असं सगळं एकाच सुपात घ्यायची, राखेत कालवायची आणि मुठीनं फेकायची. ओळी वेगळ्या का करत नाहीस, असं आईनं एकदा विचारलं. वहिनी म्हणाली, खाताना कोण वेगळं करते?

रोपं बोटभर झाली की ती नखानं शेंडे खुडायची. मूळ हलू द्यायची नाही, म्हणजे पुन्हा फुटतं. विळी लावायची नाही. ती कोवळी पानं हातानंच तोडून त्यात कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि वरून कच्चं तेल. आमच्याकडं त्याला घोळाणा म्हणतात. गरम भाकरीबरोबर आधी चुका आंबट लागायचा, मग मोहरी नाकात चढायची, आणि मेथीचा कडवटपणा मागं रेंगाळायचा. भाऊ एक भाकरी जास्त खायचा आणि म्हणायचा, बैलानं पाह्यलं तर आपल्यालेच गोठ्यात बांधीन.

वहिनीला मूल नव्हतं. आई त्यावरून बोलायची, आणि बोलणं साधं नसायचं. पण वाफ्यापुरती तिची तारीफ करायची. शेजारणींना ओंजळभर पाला देताना, मोठीच्या हाताले गुण आहे, असं सांगायची. दुसरं काही चांगलं आईच्या तोंडून वहिनीच्या वाट्याला आलेलं मला आठवत नाही.

जर्मनीची पहिली लढाई संपल्यानंतरची ती सालं. माझी बायको बाळंतपणाला माहेरी, धनजला होती आणि मला तिला आणायला जायचं होतं. सासुरवाडीला मळकं धोतर नेसून कसं जावं? मंगरूळपीरच्या बाजारातून मी कपडे धुण्याचा सोडा आणला होता. वहिनी त्या दिवशी बाहेरची होती. आमच्यात बाईनं महिन्याचे ते दिवस गोठ्यालगतच्या पडवीत काढायचे, घरात आणि झाडापेराजवळ यायचं नाही. आई चुलीपाशी अडकलेली. म्हणून मीच पाणी उकळलं, मूठभर लागतो तिथं दोन मुठी सोडा टाकला आणि न्हाणीत धोतर आपटायला बसलो.

आंघोळीचं पाणी वाफ्यात सोडायचं आणि कपड्यांचं पाणी नालीत मातीचं ढेकूळ लावून एरंडीकडं वळवायचं, ही वहिनीची रीत घरात सगळ्यांना ठाऊक होती. मलाही होती. पडवीतून तिनं मला हाक मारून सांगितलंही.

"भाऊजी, पाणी एरंडीकडं वयवा. रोपं कोवयी आहेत."

मी हो म्हटलं. हात फेसात होते, धोतर पांढरं निघत होतं, त्यात मी खूश होतो. कढत पाण्याचं घंगाळ तसंच उपडं केलं. ढेकूळ लावलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आई पाला खुडायला गेली तर सगळा वाफा पिवळा पडून आडवा झाला होता. ती तिथूनच ओरडत पडवीपाशी आली. बाहेरची असून वाफ्यात शिरली, इटाळानं सगयं जाळलं, असं म्हणाली. भाऊ आणि मी अंगणात उभे होतो. माझ्या अंगावर तेच धोतर होतं.

वहिनी म्हणाली, "म्या पाय नाई ठेवला तिकडं, आत्याबाई."

"मंग काय आपोआप करपला?"

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, वाट पाहावी तसं. मला एवढंच म्हणायचं होतं की आई, सोड्याचं पाणी मी सोडलं. आईनं मला दोन शब्द सुनावले असते, बाप्या माणसानं धुणं धुतलं म्हणून गल्ली हसली असती, आणि प्रकरण तिथंच मिटलं असतं. मी म्हणालो, मले उशीर होऊन राह्यला, आणि धनजला निघालो.

परतलो तर वाफा नव्यानं पेरलेला होता. आईनं पेरला होता आणि तो माझ्या बायकोकडं सोपवला. वहिनीला बियाणाच्या गाडग्याला हात लावायची मनाई झाली. पुढच्या नवरात्रात घट बसवताना मातीत धान्य पेरायला आईनं धाकट्या सुनेला बोलावलं. दरसाल ते वहिनी पेरायची. तिचा हात लागला की उगवत नाही, हे मग गल्लीत बायका सहज बोलू लागल्या, आणि मूल नसण्याशी ते आपोआप जोडलं गेलं.

घोळाणा मात्र रोज होत राहिला. पेरलं कुणीही तरी कालवायचा वहिनीनंच. मी खात राहिलो. ती वाढायची, भाऊजी, अजून घ्या म्हणायची. त्या दिवसाचा विषय तिनं माझ्यापाशी कधी काढला नाही. तिनं सांगितलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं, हे तिला कळत होतं. माझं ऐकलं असतं.

पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर ती चूक ठरली असती. वर्षानं सांगितलं असतं तर गुन्हा ठरला असता. म्हणून मी पुढं ढकलत गेलो आणि आता माझेच केस पांढरे झाले. माझी सून वाफ्यात बी टाकते तेव्हा वहिनी ओट्यावर बसून दाट टाकू नको, विरळ टाक, असं लांबूनच सांगते. वाफ्याजवळ जात नाही.

आई थकली आहे, पण तिला अजून ऐकू येतं. भाऊ आहे, वहिनी आहे, सुना आहेत. या सगळ्यांना एका जागी बसवून, वाफा मी जाळला होता, असं आईला सांगणं हे माझं वहिनीला देणं आहे. ते मी अजून दिलेलं नाही.