कार्डावर न लिहिलेला अर्थ

वर्गात कुणी स्वेटर घालून आलं की आमचे इंग्रजीचे सर म्हणायचे, "आला बघा नेश." नेश म्हणजे थंडी न सोसणारा. हा शब्द आमच्या पुस्तकात नव्हता. सरांचे वडील हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कारकून होते. तिथल्या गोऱ्या फोरमन लोकांच्या गावाकडच्या बोलीतले शब्द त्यांनी टिपून ठेवले आणि मुलाला दिले. आम्ही पोरी सरांनाच 'नेश सर' म्हणायचो. त्यांना ठाऊक होतं.

सरांच्या विद्यानगरच्या घरी बुटांच्या खोक्यात या शब्दांची कार्डं असत. पुढं शब्द, मागं तो कुठल्या गावचा, कुणाच्या तोंडचा. अर्थ मात्र सर कधी लिहीत नसत. "अर्थ लिहून ठेवला तर विचारायला कोण येईल गं माझ्याकडं?" असं म्हणून हसायचे.

सत्तरी उलटल्यावर त्यांनीच मला बोलावलं. "आता लिहून घे की. दर रविवारी ये." मी हो म्हटलं. हुबळीतच लॅमिंग्टन रोडवर माझी शिकवणी, रविवारी जादा तास. "पुढच्या रविवारी नक्की, सर," असं दोन वर्षं म्हणत राहिले. काय मेलं अडलं होतं त्या शिकवणीवाचून! सरांच्या पत्नी, आमच्या काकू, सांगायच्या, सर दर रविवारी खोकं काढून पुढच्या खोलीत बसतात.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. एकच कानडी शब्द उरला, 'हौदु', म्हणजे हो. मी आता रोज जाऊ लागले. नेटवर चार-दोन शब्द सापडले, बाकीचे कुठंच नाहीत. मी कार्ड समोर धरून अंदाज करायची. "सर, दळताना सांडलेलं पीठ का?" "हौदु," म्हणाले की मी वहीत लिहायची.

एकदा चुकून तेच कार्ड दुसऱ्यांदा काढलं आणि वेगळाच अर्थ विचारला. "हौदु," सर म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. त्यांना सगळं कळत होतं. तरी पेन खाली ठेवायचं धैर्य मला झालं नाही. तशीच वही भरली.

सरांच्या बाराव्याला काकू आल्यागेल्याला वही दाखवत होत्या. "जायच्या आधी सगळं हिला सांगून गेले हो. वाच गं एखादा."

मी वाचला. मीच रचलेला अर्थ, सरांचा म्हणून.

काकूंनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "अगदी असंच सांगायचे."